जिनिव्हा आणि भोवतालचे डोंगर : चौघांचं कुटुंब, मोजके पैसे, मदत हवी आहे

रानजाई | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही चौघं जिनिव्हाला जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझी आई. आईचं वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण रोज सकाळी तळजाईला जाऊन येते, चालायला कंटाळत नाही. तिचं माहेर कऱ्हाडचं. तिला एकच इच्छा आहे, बर्फाचा डोंगर जवळून बघायचा.

विमानाचं तिकीट बऱ्यापैकी स्वस्तात मिळालं म्हणून जिनिव्हा ठरलं आणि मग तिथले हॉटेलांचे दर बघून पोटात गोळा आला. एक फ्रँक म्हणजे शंभरच्या वर रुपये. एका यात्रा कंपनीकडे विचारलं तर त्यांनी सांगितलेल्या आकड्यात आमचं स्वयंपाकघर नवीन होईल. तेव्हा स्वतःच करायचं ठरवलंय. सहा रात्री आहेत. राहायचं कुठे, स्विस ट्रॅव्हल पास काढायचा का, जेवणाचं काय, आणि आईला माँ ब्लाँ हा बर्फाचा डोंगर कसा दाखवायचा? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

सीमेपलीकडे | १२ जून, रात्री ११.०५

राहायला फ्रान्सच्या बाजूला या. आनमास किंवा सँ-जुलियाँ. मी सहा वर्षं या बाजूला राहतोय आणि रोज कामाला जिनिव्हात जातो, माझ्यासारखे हजारो लोक जातात. डिसेंबर २०१९ मध्ये लेमान एक्सप्रेस ही लोकल ट्रेन सुरू झाल्यापासून आनमास ते कॉर्नाव्हँ (जिनिव्हाचं मुख्य स्टेशन) वीस-बावीस मिनिटांचं काम आहे. हॉटेल बरंच स्वस्त पडतं, सुपरमार्केट स्वस्त, सगळं युरोत. जिनिव्हातले लोकसुद्धा शनिवारी गाडी घेऊन किराणा भरायला इकडेच येतात.

लेमानकाठ | १३ जून, सकाळी ७.१५

रानजाई, स्वागत आहे. मी मूळची सांगलीची, नऊ वर्षं जिनिव्हात आहे. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पाहुणे असतात, त्यामुळे हा हिशेब माझ्या तोंडपाठ आहे.

सीमेपलीकडे यांचं म्हणणं रोज ये-जा करणाऱ्यासाठी बरोबर आहे. तुमच्यासाठी मात्र मी शहरातच राहा म्हणेन. कारण एकच, जिनिव्हा ट्रान्सपोर्ट कार्ड. जिनिव्हातल्या हॉटेलात, होस्टेलमध्ये किंवा कॅम्पिंगला उतरलेल्या प्रत्येक पाहुण्याला मुक्कामभर शहरातली वाहतूक फुकट असते. ट्राम, बस, लोकल ट्रेन आणि तळ्यातल्या त्या पिवळ्या-लाल छोट्या होड्या, ज्यांना इथे मुएत म्हणतात, सगळं त्यात येतं. पोचायच्या आधीच ईमेलवर दुवा येतो, त्यामुळे विमानतळावरून शहरात येणारी ट्रेनही त्याच कार्डावर. आनमासच्या हॉटेलात हे मिळत नाही. दिवसाचा पास माणशी साधारण १० फ्रँक धरा, त्यात सीमा ओलांडली की तिकीट वेगळं, आणि चार माणसं, सहा दिवस. हॉटेलात वाचवलेले पैसे तिकडेच जातात, वर आईंची दमणूक.

घर कसं बघायचं : पाकी या भागात होस्टेल आहेत, स्टेशन आणि तळं दोन्ही चालत. होस्टेल म्हणजे पोरासोरांचं असं मनात आणू नका, चार खाटांची खोली कुटुंबाला देतात. पाहुण्यांना वापरायला स्वयंपाकघर आहे का, एवढं बुकिंगच्या आधी विचारून घ्या. पाकीत रात्री काही रस्त्यांवर देहविक्रय चालतो, तो इथे कायदेशीर आहे. त्रास कुणी देत नाही, पण मुलगी बरोबर आहे म्हणून आधीच सांगितलेलं बरं. तळ्याच्या बाजूचे रस्ते शांत आहेत.

हिशेबनीस | १३ जून, सकाळी १०.३०

व्हिसाचा मुद्दा राहिला. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम असा की जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. आनमासला सहा रात्री राहून दिवसभर जिनिव्हात फिरलात तर अर्ज फ्रान्सकडे करावा लागेल. हॉटेल बदलायच्या नादात स्वित्झर्लंडच्या अर्जाला फ्रान्सचं बुकिंग जोडलं की अडचण झालीच.

फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ वर्षं पूर्ण ते १२ च्या आतल्या मुलांना ४५. शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. आईंच्या विम्यात रक्तदाब जाहीर करा, लपवू नका. फ्रान्समध्ये दिवसभरासाठी जाऊन यायला एकदा प्रवेशाचा व्हिसाही पुरतो, कारण दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत. पासपोर्ट मात्र जवळ हवेत, सीमेवर कधीकधी बघतात.

सीमेपलीकडे | १३ जून, दुपारी १.२०

व्हिसाचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण मला लागत नाही. लेमानकाठ यांचं पटलं. चौघांसाठी शहरातच राहा. सँडविचचं सामान घ्यायला फ्रान्समध्ये येऊ नका, तेवढ्यासाठी अर्धा दिवस जातो.

एक भर घालतो, फोनची. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे 'युरोप' लिहिलेल्या बऱ्याच सिमकार्डांत तो नसतो. आणि सालेव्ह डोंगरावर किंवा सीमेजवळ फोन आपोआप दुसऱ्या देशाचा टॉवर पकडतो. दोन्ही देश असलेलं पॅकेज घ्या, नाहीतर एका व्हिडिओ कॉलचं बिल हॉटेलाएवढं येईल.

रानजाई | १३ जून, रात्री ८.५५

किती पटकन उत्तरं दिलीत, मनापासून धन्यवाद! मुक्काम शहरातच, ठरलं. आता जेवण आणि डोंगर. आणि ट्रॅव्हल पास?

गडवाटा | १३ जून, रात्री १०.१०

पास नको. तीन दिवसांचाच माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातो. तो रोज लांब लांब फिरणाऱ्यांसाठी आहे, आज झुरिक उद्या इंटरलाकेन असं. तुमचे निम्मे दिवस फुकट कार्डावर जाणार आणि सालेव्ह व माँ ब्लाँच्या पायथ्याचं शामोनी फ्रान्समध्ये, तिथे हा पास चालत नाही. एखाद दिवशी माँत्रो किंवा बर्न करायचं असेल तर त्या दिवसापुरतं सेव्हर डे पास नाहीतर सुपरसेव्हर तिकीट बघा. दोन्ही जितकी आधी काढाल तितकी स्वस्त, स्टेशनवर जाऊन ऐनवेळी काढायची नाहीत.

डोंगराबद्दल माझं ठाम मत आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आपल्याकडून जाणारे लोक स्वित्झर्लंड म्हणजे सगळ्यात उंच स्टेशन असं समीकरण करतात. सह्याद्रीत आपण असं करतो का? कळसूबाई उंच म्हणून हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा सोडतो का? कडा बघायचा तर समोरच्या डोंगरावर उभं राहावं लागतं. माँ ब्लाँचं तसंच आहे. त्याच्या अंगावर चढण्यापेक्षा तो समोरून बघण्यात जास्त सुख आहे, आणि समोरचे डोंगर स्वस्त आहेत.

पहिला सालेव्ह. जिनिव्हाकर त्याला आपला डोंगर म्हणतात, आहे मात्र फ्रान्समध्ये. ८ नंबरची बस व्हेरिए-दुआनला, म्हणजे नाक्यापर्यंत जाते, तीही फुकट कार्डावर. नाका चालत ओलांडायचा, पाच-दहा मिनिटांत केबलकारचं खालचं स्टेशन. १९३२ ची केबलकार, मोठी दुरुस्ती होऊन सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. पाच मिनिटांत १,१०० मीटरवर. एका बाजूला अख्खं शहर, तळं, कारंजं, पलीकडे जुराची रांग. थोडं चालून दुसऱ्या बाजूला गेलं की माँ ब्लाँ. वर गवताळ पठार, गाई, पॅराग्लायडिंगचे छत्रीवाले उडत असतात. १,३७९ मीटरच्या ग्राँ पितोंपर्यंत सड्यावरून चालल्यासारखं चालत जाता येतं.

मी पायी चढलो होतो, पा द लेशेलच्या वाटेने. कातळात खोदलेल्या पायऱ्या बघून थेट नाणेघाट आठवला. फ्रेंचमध्ये कातळारोहणाला वाराप म्हणतात, तो शब्द याच डोंगरातल्या एका घळीच्या नावावरून आलाय. आईंना मात्र केबलकारनेच न्या.

दुसरा ला डोल, १,६७७ मीटर, जुरात. नियोंहून लाल रंगाची छोटी ट्रेन सँ-सेर्गला जाते, तिथून वाट. माथ्यावर रडारचा पांढरा गोल घुमट आहे, तो लांबूनच दिसतो. समोर अख्खं तळं आणि त्यामागे आल्प्सची भिंत. चढायला अडीच-तीन तास लागतात, म्हणून तिघांनी एक दिवस तिकडे जावं आणि आईंनी त्या दिवशी शहरात आराम करावा.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवरची वेळ ही न थांबता चालण्याची असते. नऊ वर्षांच्या मुलीबरोबर दीडपट धरा. स्विसटोपोचं नकाशांचं अ‍ॅप फुकट आहे, सगळ्या वाटा त्यात आहेत.

सुगरण_ठाणेकर | १४ जून, सकाळी ११.४५

जेवणावर मी लिहिते, दोन वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते.

बाहेर साधं जेवण माणशी २० ते २५ फ्रँक, म्हणजे चौघांचं एका वेळचं आठ-दहा हजार. यात कुणी लुबाडत नाहीये. २०२० मध्ये जिनिव्हाच्या लोकांनी मतदान करून किमान वेतन तासाला २३ फ्रँक केलं, आता ते त्याहून वाढलंय. वाढणाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्याला नीट पगार मिळतो, तो बिलात दिसतो. हे कळल्यावर मला बिलाचा राग येईनासा झाला. मी फक्त स्वयंपाक घरी केला.

बरोबर न्या : मेतकूट, भाजणी, चिवडा, मसाले, छोटी हिंगाची डबी. नेऊ नका : तूप, पेढे, बर्फी, दुधाचं आणि मांसाचं काहीही. युरोपबाहेरून हे आणायला बंदी आहे. ताजी फळं आणि कढीपत्ताही नको. तांदूळ, तूरडाळ पाकीतल्या दुकानांत मिळते, ओझं कशाला वाहायचं.

मिग्रो या सुपरमार्केटमध्ये 'एम-बजेट' आणि कोपमध्ये 'प्री गारांती' नावाच्या वस्तू सगळ्यात स्वस्त. डेनर, आल्डी, लिडलही आहेत. संध्याकाळी बंद व्हायच्या आधी पाव, सॅलड, दह्यावर सवलतीचे स्टिकर लागतात. दुकानं साधारण सातला बंद होतात आणि रविवारी बंदच. रविवारी स्टेशनातली आणि विमानतळावरची तेवढी उघडी.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी उत्तम असतं. 'नाँ पोताब्ल', म्हणजे पिण्याचं नाही, असं लिहिलं असेल तेवढंच सोडायचं.

होस्टेलच्या स्वयंपाकघरात फोडणी मंद आचेवर. आमच्या शेजारच्या बाईंनी मिरच्या टाकल्या आणि धुराचा भोंगा वाजून अख्खी इमारत खाली उतरली होती.

लेमानकाठ | १४ जून, दुपारी ३.३०

सुगरणताई, अगदी खरं. एक तारखेची भर : सप्टेंबरच्या पहिल्या रविवारनंतरचा गुरुवार जिनिव्हात सुट्टीचा असतो, ज्यून जनेव्हुआ. दुकानं बंद. तुमच्या तारखा तिथेच येतायत, बुधवारी भाजी भरून ठेवा.

आता शहरातलं फुकट. जे दो म्हणजे तळ्यातलं कारंजं, १४० मीटर उंच. १८८६ मध्ये जलशक्ती कारखान्याचा जादा दाब सोडायला झडप म्हणून ते उडायचं, लोकांना आवडलं म्हणून १८९१ मध्ये तळ्यात आणलं. सँ-पिएर कॅथेड्रल आत फुकट, मनोऱ्याला थोडे पैसे आणि १५७ पायऱ्या. नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय फुकट आहे, लेकीला तिथलं जानुस नावाचं दोन डोक्यांचं कासव दाखवा, १९९७ चं आहे. १८ नंबरची ट्राम शेवटपर्यंत गेली की सर्न, ती कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा. तिथलं सायन्स गेटवे ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडलं, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. भारत सरकारने २००४ मध्ये दिलेला नटराज सर्नच्या आतल्या आवारात आहे, त्यामुळे सायन्स गेटवेतून तो दिसत नाही.

सगळे पाहुणे पोहायला आणि फोंड्यूला, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायला, बँ दे पाकीला येतात. तळ्यात घुसलेला जुना धक्का आहे, पोहायची फी दोनेक फ्रँक. थंडीच्या महिन्यांत तिथे फोंड्यू मिळतं आणि शहरातल्या मानाने स्वस्त.

माझी आवडती जागा मात्र जाँक्सियाँ. तिथे तळ्यातून निघालेली ऱ्होन निळी-हिरवी येते आणि आर्व्ह येते ती दुधाळ राखाडी. आर्व्ह शामोनीच्या खोऱ्यातून, माँ ब्लाँच्या हिमनद्यांचं दगडाचं पीठ घेऊन येते. वरच्या रेल्वे पुलावरून बघायचं, दोन्ही रंग शेजारी शेजारी बराच वेळ वाहतात. आईंना कऱ्हाडचा प्रीतिसंगम आठवेल. ज्या दिवशी शामोनीला जाल, त्याच्या आदल्या संध्याकाळी हे बघा. नदीचं एक टोक आज, दुसरं उद्या.

हिशेबनीस | १४ जून, संध्याकाळी ६.००

त्या यादीत एक जागा मी घालतो. श्यामजी कृष्ण वर्मा १९१४ पासून जिनिव्हात राहिले आणि ३० मार्च १९३० ला तिथेच वारले. स्वातंत्र्य मिळाल्यावर आपल्या आणि पत्नीच्या अस्थी मायदेशी न्याव्यात म्हणून त्यांनी आधीच पैसे भरून ठेवले होते. सँ-जॉर्ज दफनभूमीत त्या अस्थी २००३ पर्यंत होत्या, मग भारतात आणल्या. सावरकर ज्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेले ती याच माणसाची, आणि शिफारस टिळकांची. मी गेलो तेव्हा तिथे अर्धा तास एकटाच बसलो होतो. बस तिथेही कार्डावरच जाते.

रानजाई | १४ जून, रात्री ९.२०

हे मला माहीतच नव्हतं. नक्की जाणार. शामोनीबद्दल सांगा ना. एग्वी द्यू मिदी या उंच शिखरावर केबलकारने आईला न्यावं का?

गडवाटा | १४ जून, रात्री १०.०५

माझं उत्तर, नको. शामोनी १,०३५ मीटरवर, एग्वी ३,८४२ वर, आणि केबलकार हे अंतर वीसेक मिनिटांत कापते. शरीराला सवय करायला वेळच मिळत नाही. धडधाकट माणसालाही तिथल्या जिन्यावर धाप लागते. तिकीट माणशी सत्तर-ऐंशी युरो, आणि ढग आले की समोर नुसतं पांढरं.

त्याऐवजी माँतांव्हेरची दातेरी रुळांची लाल ट्रेन. १,९१३ मीटर, तिकीट बरंच कमी, आणि समोर मेर द ग्लास हिमनदी. कुठल्या साली बर्फ कुठवर होता याच्या पाट्या खाली उतरताना कड्यावर दिसतात. त्या बघताना बोलणं थांबतं. लेकीला दाखवा.

सीमेपलीकडे | १५ जून, सकाळी ८.४०

सहमत, पण डॉक्टरांना विचारून घ्या, तुमचा आमचा अंदाज नको.

जिनिव्हा ते शामोनी बस दीड तासाच्या आसपास, लवकर काढलं तर एका बाजूचं तिकीट वीसेक युरोत मिळतं. ट्रेनने सँ-जर्व्हेला बदलून अडीच-तीन तास, पण शेवटचा टप्पा सुंदर. जाताना बस, येताना ट्रेन असंही करता येईल. आणि गावातून अर्ध्या तासावर गायाँचं तळं आहे. सपाट वाट, बाकडी, समोर माँ ब्लाँ, एक पैसा लागत नाही. डबा तिथे खा.

हा डोंगर चढायची गोष्ट जिनिव्हातूनच सुरू झाली. सोस्यूर नावाच्या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने १७६० मध्ये वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. ८ ऑगस्ट १७८६ ला शामोनीचे बालमा आणि पाकार वर पोचले. पुढच्या वर्षी सोस्यूर स्वतः चढला.

रानजाई | २१ सप्टेंबर, रात्री ९.१५

मंडळी, आलो परत! सगळ्यांचे आभार मानायला आणि हिशेब द्यायला आले आहे.

होस्टेलची चार खाटांची खोली रात्रीला १६५ प्रमाणे ९९० फ्रँक. किराणा २६०. डोंगर, बस, ट्रेन मिळून ४७०. बाहेरचं खाणं, कॉफी, शामोनीतला पिझ्झा धरून १९०. एकूण १,९१०. माणशी दिवसाला ८० च्या आत, म्हणजे त्या दिवसांच्या भावाने चौघांचे दोन लाखांच्या थोडं वर. विमान आणि व्हिसा वेगळे. शहरातल्या वाहतुकीला शून्य.

ला डोल झालं नाही, त्या दिवशी पाऊस होता. तिकीट आधी काढलं होतं ते गेलं, हे चुकलं. डोंगराचं तिकीट हवा बघूनच काढा.

जाँक्सियाँला आई पुलावर बराच वेळ उभी होती. म्हणाली, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात, या दोघी शेजारणींसारख्या चालल्यात. दुसऱ्या दिवशी माँतांव्हेरला हिमनदीकडे बघून तिला आधी वाटलं दगडांचं पात्र आहे, बर्फ कुठाय? वर धूळ-दगड साचलेत, खाली निळसर बर्फ. मग ती साल लिहिलेली पाटी वाचत राहिली आणि लेकीला म्हणाली, तू माझ्याएवढी होशील तेव्हा इथे काय असेल गं? लेकीने उत्तर दिलं नाही, तिचा हात धरून उभी राहिली.

गायाँच्या तळ्याकाठी मेतकूट-भात खाल्ला. दुपारी दोनला ढग सरकले आणि माँ ब्लाँ पूर्ण दिसला. आईने डबा बाजूला ठेवून हात जोडले.

श्यामजींच्या जागीही गेलो, गुरुवारी, सगळं बंद होतं त्या दिवशी.

गडवाटा | २१ सप्टेंबर, रात्री १०.००

वाचून फार बरं वाटलं. काकूंना नमस्कार सांगा.

पहिलीच_वारी | २ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

धागा वर काढतोय. आम्ही दोघं डिसेंबरात जिनिव्हाला चार दिवस आहोत. तेव्हा खूप धुकं असतं म्हणतात. सालेव्ह वगैरे सोडून द्यावं का?

लेमानकाठ | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.५०

सोडू नका, उलट तेव्हाच जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ढगांचा थर तळ्यावर झाकणासारखा बसतो, त्याला इथे स्त्रातुस म्हणतात. शहर आठवडाभर राखाडी राहतं आणि त्यात बीझ हा उत्तरेचा वारा सुटला की हाडं गारठतात. पण हा थर बऱ्याचदा सालेव्हच्या माथ्याच्या खालीच असतो. केबलकार त्यातून वर निघते तेव्हा एकदम लख्ख ऊन, खाली पांढरा समुद्र आणि पलीकडे आल्प्स. सकाळी आठला माथ्यावरचा वेबकॅम बघा. थंडीत केबलकार काही दिवस बंद असते, तेही त्याच वेळी तपासा. वर निळं दिसलं आणि गाडी चालू असली की डबा भरून ८ नंबर पकडा, बुटांना तळ मात्र चांगला हवा, वरची वाट गोठलेली असते.